रस्त्यात राहिलेले धोंडे

कल्याण–निर्मल महामार्ग परभणी जिल्ह्यातून पाथरी, मानवत, परभणी असा जातो. उसाच्या हंगामात इथे किंवा गंगाखेडच्या रस्त्याला रात्री एखादी ट्रॉली पाटा तुटून उभी राहते. मागे दिवा पुष्कळदा नसतोच. चालक चाकाला दगड लावतो, मागे डांबरावर पाच-सात धोंडे मांडतो, बाभळीची फांदी आडवी टाकतो. पहाटे काम होते, ट्रॉली निघून जाते. धोंडे तिथेच राहतात.

पुढच्या रात्री त्यांवर दुचाकी आदळली तर दोष कोणाचा, हा प्रश्न पंचनाम्याइतकाच धर्मविचाराचाही आहे. धोंडे मांडणाऱ्याच्या मनात वाईट नव्हते. लोकांना सावध करावे म्हणूनच ते मांडले होते. बौद्ध विचारात कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत आहे. तेवढ्यावर चालक सुटला असे वाटेल. जैन विचार त्याला इतक्या सहज सोडत नाही. तत्त्वार्थसूत्रातल्या हिंसेच्या व्याख्येत प्रमाद, म्हणजे गाफीलपणा, मध्यभागी आहे. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या लेण्यांमागे हीच परंपरा आहे. तिच्यातल्या ईर्यासमितीनुसार साधूने पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकायचे असते. बंद पडलेल्या गाडीवाल्याला मात्र मागची जमीन पाहावी लागते, आणि ती चार हातांवर संपत नाही.

ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर कापते. म्हणून लाल परावर्तक त्रिकोण निदान 50 मीटर मागे हवा. चारही इंडिकेटर चालू हवेत, आणि माणसे गाडीच्या मागे घोळका करून नव्हे, तर रस्त्यापासून लांब उभी हवीत.

मदत मागण्यात कमीपणा नाही, हे जनाबाईंच्या गंगाखेडला वेगळे सांगायला नको. वारकरी संकटात देवाला हाक मारतो तिला ‘धावा’ म्हणतात. जनीची हाक ऐकून विठ्ठल जात्यावर बसला, अशी कथा आहे. पण देवाला कशीही हाक चालते, ट्रकचालकाला नाही. त्याला ती दोन सेकंदांत कळली पाहिजे.

ऐकणाऱ्याचे काय? मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 134 अ अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते; वाटसरूने थांबलेच पाहिजे, अशी सक्ती करत नाही. रात्री अनोळखी माणसाजवळ थांबायची भीती खोटी नसते. पण पुढे जाऊन 112 ला किंवा महामार्गाच्या 1033 ला फोन करायला तीही आड येत नाही.

रस्त्यातली इजा करणारी वस्तू बाजूला करणे हा इमानाचाच भाग, असे हदीस सांगते. परभणीत तुराबुल हक यांच्या उरुसाला सगळ्या धर्मांचे लोक येतात, आणि त्यांच्या गाड्याही याच रस्त्यांनी येतात. विकत आणलेला त्रिकोण चालक आठवणीने गाडीत ठेवतो. धोंडे फुकटचे, म्हणून राहतात. गाडी दुरुस्त झाली की आधी ते उचलावेत, मग गिअर टाकावा.