फलकावरचा 'नको'

बोलता न येणे आणि सांगण्यासारखे काही नसणे, या दोन गोष्टी आपल्या समाजाने फार काळ एकच मानल्या. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्याची जीभ ताब्यात राहत नाही, पक्षाघाताने ज्याची वाचा गेली, किंवा स्वमग्नतेमुळे जो शब्द उच्चारीत नाही, त्याच्यासाठी आज चित्रांचा फलक, अक्षरतक्ता, डोळ्यांची खूण, आवाज देणारे यंत्र अशी साधने आहेत. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याने 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच अशा पूरक व पर्यायी पद्धती घातल्या. शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस व्याख्येचे मोल ठाऊक आहे, आणि तिची मर्यादाही.

आमच्या मते नैतिक प्रश्न फलक हाती येण्यापूर्वीच उभा राहतो. त्यावर कोणते शब्द असावेत हे कोणी ठरवायचे? बहुधा बोलणारेच ठरवितात, आणि पाणी, जेवण, झोप, शौच एवढ्यावर थांबतात. गरज त्याची खरी, पण सोय सांभाळणाऱ्याची. 'नको', 'दुखते', 'तुमचे चुकले', 'या माणसाजवळ मला ठेवू नका' हे ज्या फलकावर नाही, त्यावर माणूस मागणे मागू शकतो, तक्रार करू शकत नाही. उद्या त्याच्यावर हात उगारला गेला, तर ते सांगायला त्याच्याजवळ चित्रच नसते. मुंबईच्या आयआयटीत सिद्ध झालेल्या 'जेलो' या साधनात 'हो-नाही', 'आवडते-आवडत नाही', 'जास्त-कमी' अशी बटणे आहेत. ते मराठीतही आहे. करणाऱ्यांनी नकाराला जागा ठेवली, हे आम्हांस विशेष वाटते.

मुंबईच्याच मालिनी चिब यांचे उदाहरण बोलके आहे. त्यांच्या मातोश्री मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये तेथे स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापिली. बोलणे इतरांस सहज न उमगणाऱ्या मालिनीबाईंनी एका बोटाने टंकून आत्मचरित्र लिहिले. त्याचे नावही 'वन लिट्ल फिंगर'. मात्र ते बोट त्यांचे स्वतःचे होते. उलट, मदतनीसाने हात धरून टंकविण्याच्या पद्धतीची १९९० नंतर अमेरिकेत कसोटी घेतली, तेव्हा शब्द मदतनीसाचेच निघाले. वेड्या मायेनेही दुसऱ्याचे तोंड बंद होते.

म्हणून मूल्यमापन काळजीने व्हावे. कोणती हालचाल भरवशाची, दिसते-ऐकू येते किती, बैठक कशी, हे पाहावेच. पण भाषा कोणती, हेही विचारावे. आमच्या कणकुंबीत घरची भाषा मराठी, कचेरीची कन्नड, आणि चोर्ला घाट उतरला की कोकणी. घरी 'पेज' म्हणणाऱ्या मुलाला परक्या भाषेत प्रश्न घालून 'समज कमी' असा शेरा मारणे हा अन्याय आहे. कागद आपल्या भाषेत नसला म्हणजे शहाण्या माणसाचीही कशी गत होते, हे सीमाभागातील जुन्या घराण्यांना आम्ही काय सांगावे! शेजारी कन्नड बोलणारे मूल असेल, तर त्याचा फलक कन्नडच हवा, हेही ओघानेच आले.

घरी फलक करणाऱ्यांनी काही चौकोन कोरे ठेवावेत आणि त्यांत काय भरायचे ते त्यालाच विचारावे. वेळ लागेल. अक्षरतक्त्यावर एक वाक्य पुरे व्हायला कधी पाच मिनिटे जातात, आणि दुसऱ्याच मिनिटाला आपण ते त्याच्या वतीने पुरे करून मोकळे होतो.