चराईचा हक्क

इंग्लंडमध्ये बर्कशर परगण्यात, न्यूबरी शहराला लागून, केनेट आणि एनबोर्न या दोन नद्यांच्या मधोमध रेवाळ मातीचे एक पठार आहे. त्याचे नाव ग्रीनहॅम कॉमन. पिकासाठी ही जमीन हलकी. पण गुरांना चारा आणि चुलीला सरपण देण्यापुरती ती उदार होती.

अशा कॉमन जमिनीला मालक असतो. मात्र तिच्यावर आसपासच्या घरांचे आणि शेतांचे ठरावीक हक्क असतात. कोणाला इतकी गुरे चारता येतात, कोणाला वाळक्या फांद्या नि नेचे नेता येतात, कुठे ओकची फळे खायला डुकरे सोडता येतात. मालक बदलला तरी हे हक्क जमिनीबरोबर पुढे चालतात. १२१७ च्या वनसनदेत राजाच्या जंगलातल्या चराईला आणि सरपणाला लेखी संरक्षण मिळाले होते. तरीही पुढे १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने पाच हजारांहून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमिनीला कुंपणे घातली. आज इंग्लंडच्या भूमीपैकी तीनेक टक्केच कॉमन उरली आहे.

ग्रीनहॅमच्या माळाचे रूपही अशाच हक्कांनी घडवले आहे. ऑगस्टमध्ये जांभळ्या हीदरने भरून जाणारा, गॉर्सच्या काट्यांतून पिवळी फुले दाखवणारा हा माळ पाहणाऱ्याला आदिम वाटतो. तो तसा नाही. गुरे येईनाशी झाली, सरपण तोडणे थांबले, की काही वर्षांत बर्चची रोपे डोके वर काढतात आणि उघडा माळ झाडीत बुडतो. संध्याकाळी जमिनीलगतून चरख्यासारखा घरघरणारा रातवा पक्षी तिथे घरटे करतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणाची तरी गाय तिथे चरली. निसर्ग राखायचा म्हणजे माणसाला हाकलायचे, हे समीकरण मला म्हणूनच पटत नाही.

१९४१ साली युद्धासाठी ही जमीन विमानतळाकरिता घेतली गेली. ५ जून १९४४ ला, नॉर्मंडीच्या स्वारीच्या आदल्या संध्याकाळी, जनरल आयझेनहॉवर इथल्याच हवाई छत्रीधारी सैनिकांना भेटले. शीतयुद्धात अमेरिकी हवाई दलाने तळ वाढवला. १९८१ मध्ये अणुक्षेपणास्त्रांना विरोध करत वेल्समधून चालत आलेल्या बायकांनी तळाच्या दाराशी मुक्काम ठोकला. १२ डिसेंबर १९८२ ला सुमारे तीस हजार बायकांनी हातात हात घालून नऊ मैलांच्या कुंपणाला वेढा घातला. तरीही पुढच्या वर्षी क्षेपणास्त्रे आलीच.

१९८५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी तळावर परवानगीशिवाय प्रवेश गुन्हा ठरवणारे उपनियम केले. त्याखाली जीन हचिन्सन आणि जॉर्जिना स्मिथ या दोन आंदोलक दोषी ठरल्या. त्यांनी अपील केले, ते १९९० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत पोहोचले. ज्या १८९२ च्या लष्करी जमीन कायद्याखाली उपनियम केले होते, त्यातच म्हटले होते की कॉमनवरच्या हक्काला बाधा येईल असा उपनियम करता येणार नाही. इथल्या हक्कदारांचे चराईचे हक्क तर जिवंत होते. उपनियम अवैध ठरले, शिक्षा रद्द झाल्या. या दोघी स्वतः हक्कदार नव्हत्या. शेजाऱ्यांच्या गुरांचा हक्क त्यांच्या कामी आला. अणुयुद्धाविरुद्धच्या मोठ्या घोषणांना सरकारने दाद दिली नव्हती. ‘अमक्या घराला इथे गुरे चारायचा अधिकार’ या नोंदीपुढे मात्र ते हरले. हक्क नेमका असावा, कागदावर असावा आणि तो वापरणारे कोणी असावे, याहून भक्कम संरक्षण मला दुसरे दिसत नाही.

क्षेपणास्त्रे १९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत करारानुसार १९९१ पर्यंत गेली. काँक्रीटची धावपट्टी फोडून काढली. २००० साली माळ पुन्हा लोकांना खुला झाला, आणि मध्यंतरी संपुष्टात आलेले चराईचे हक्क २००२ मध्ये खास कायदा करून पूर्ववत झाले. क्षेपणास्त्रांची गवताळ छपरांची कोठारे आता संरक्षित स्मारक आहेत, आणि बाहेर माळावर पुन्हा गुरे चरतात.

याच इंग्रजांच्या राज्यात इकडे काय झाले, ते जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लिहून ठेवले आहे: डोंगर आणि गायराने जंगलखात्यात गेली, गरिबाच्या शेळ्यांना चरायला जागा उरली नाही. स्वातंत्र्यानंतर गायरानांवर अतिक्रमणे झाली, सरकारी प्रकल्पही आले. तुमच्या गावचे गायरान अजून शिल्लक असेल तर त्याचा सातबारा काढून बघा, विदर्भात असाल तर निस्तार पत्रकही, म्हणजे चराई-सरपणासारख्या गावहक्कांची नोंदही मागा, आणि गावाचा हक्क त्यात नेमका काय लिहिला आहे ते येत्या ग्रामसभेत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.