स्टेम सेल, नॅनो तंत्रज्ञान आणि आपली करुणा



मागच्या महिन्यात वंदना झाल्यावर आपल्यातल्या एका ताईंनी मला बाजूला घेतले. त्यांचा भाऊ नागपूरला असतो. भाच्याला सेरेब्रल पाल्सी आहे. तिकडच्या एका क्लिनिकने "स्टेम सेल आणि नॅनो टेक्नॉलॉजीने मूल चालायला लागेल" असे सांगून आगाऊ रक्कम मागितली होती. मी इथे लंडनमध्ये इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून ताईंनी विचारले, "दादा, पैसे पाठवू का? आणि नाही पाठवले तर मी निर्दयी ठरेन का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. दुसऱ्याने झोप उडवली.

त्यांना मी स्वीडनची हकीगत सांगितली. २०११ साली स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का रुग्णालयात पाओलो मॅकियारिनी या शल्यविशारदाने ३६ वर्षांच्या एका रुग्णाला कृत्रिम श्वासनलिका बसवली. रुग्ण मूळचा इरिट्रियाचा, आइसलंडमध्ये शिकायला आलेला. आपल्यासारखाच घरापासून दूर. श्वासनलिकेत कर्करोगाची गाठ होती. नव्या नळीचा सांगाडा आपल्या लंडनमध्येच बनला होता. साधे प्लास्टिक नव्हे. त्यात नॅनो मापाचे सिलिकायुक्त घटक गुंफलेले. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. त्या सांगाड्यावर रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी पेरल्या आणि दीड दिवस बायोरिॲक्टरमध्ये ठेवल्या. त्या बारीक छिद्रांत पेशी रुजतील आणि नळी जिवंत होईल, अशी कल्पना.

कल्पना खुळी नव्हती. पेशी ज्यावर बसते तो पृष्ठभाग मऊ आहे की कडक, गुळगुळीत की खडबडीत, हे तिला कळते. हाडाकडे वळायचे की स्नायूकडे, हेही काही अंशी त्यावरून ठरते. प्रयोगशाळेत हे दिसलेले आहे. पण प्लास्टिकला रक्तवाहिन्या नसतात आणि रक्त न पोहोचलेली पेशी मरते. माणसाआधी प्राण्यांवर जी तपासणी व्हायला हवी होती ती झाली नव्हती. तरी त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये यशाचा निबंध छापून आला. रुग्ण जानेवारी २०१४ मध्ये गेला. कारोलिन्स्कात अशा नळ्या तिघांना बसवल्या. तिघेही आज नाहीत. रशियात तर जिवाला तातडीचा धोका नसलेल्या एका तरुण आईलाही ती बसवली. तीही गेली.

तिथल्याच चार डॉक्टरांनी २०१४ मध्ये तक्रार केली. संस्थेने २०१५ मध्ये मॅकियारिनीला निर्दोष ठरवले. स्वीडिश टीव्हीने माहितीपट दाखवल्यावर २०१६ मध्ये त्याला काढले, २०१८ मध्ये निबंध मागे घेतला गेला, आणि २०२३ मध्ये अपील न्यायालयाने अडीच वर्षांची शिक्षा दिली. तक्रार करणाऱ्या चौघांपैकी एकालाही, निबंधाचा सहलेखक म्हणून, संस्थेने दोषी धरले. खरे बोलणाऱ्याला काय भोगावे लागते, ते आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

न्यायालयाने शरीराला केलेल्या इजेची शिक्षा दिली. मला मात्र आधी मोडलेले शील मुसावादाचे दिसते. रुग्णाने "हो" म्हटले होते, ही सबब खूप वेळा दिली जाते. पण जे माहीत नाही ते माहीत असल्याचे सांगून घेतलेला होकार होकार कसा? बुडणारा माणूस काडीलाही हो म्हणतो.

इथे किसा गोतमी आठवते. मेलेले मूल घेऊन ती औषध मागत आली. कुणी म्हणेल, मोहरी आणायला पाठवून तथागतांनीही तिला आशाच लावली. मी यावर बराच विचार केला. पण त्या आशेचे मोल त्यांनी घेतले नाही, आणि दारोदार फिरून ती पोहोचली ती सत्यापाशीच. मॅकियारिनीकडे करुणा मुळीच नव्हती, असे मी म्हणणार नाही. ते मला दिसत नाही. प्रज्ञा बाजूला ठेवली होती, हे दिसते.

हे शास्त्र खोटे नाही, हेही ताईंना सांगितले. जर्मनीत त्वचेच्या दुर्धर आजाराच्या सात वर्षांच्या मुलाला इटलीच्या शास्त्रज्ञांनी त्याच्याच स्टेम सेलपासून, जनुक दुरुस्त करून, सुमारे ८० टक्के नवी त्वचा वाढवून दिली. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यामागे भाजलेल्या रुग्णांवरच्या कित्येक वर्षांच्या संथ कामाचा पाया होता.

भारतातही आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांतले अस्थिमज्जा वगैरेचे प्रत्यारोपण सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त नोंदणीकृत चाचणीतच करायचा. चाचण्यांची नोंद सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते. ताईंनी आणि मी विहारातच फोनवर शोधले. त्या क्लिनिकचे नाव सापडले नाही.

त्यांनी त्याच रात्री भावाला फोन केला. तो चिडला, "तिकडे बसून सांगणं सोपं आहे," म्हणाला. खोटे नाही ते. आता ताई दर महिन्याला फिजिओथेरपीचा खर्च पाठवतात. भाऊ अजून त्यांच्याशी मोकळा बोलत नाही.