उरलेली शक्ती आणि अनर्थदंड

सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरच्या स्थिर वेगाने जायला साध्या मोटारीला सुमारे १५ अश्वशक्ती पुरते. अनेक स्पोर्ट्स कारच्या इंजिनात ४०० किंवा त्याहूनही अधिक अश्वशक्ती असते. ही उरलेली शक्ती रोजच्या रस्त्यावर घेऊन फिरावे का, हा प्रश्न यंत्राइतकाच नीतीचाही आहे.

जैन आचारशास्त्र या प्रश्नाच्या फार जवळ जाते. गृहस्थाच्या बारा व्रतांपैकी परिग्रह-परिमाण संचयाला मर्यादा घालते, तर अनर्थदंडविरती प्रयोजनाशिवाय होणारी हिंसा टाळायला सांगते. महागडी गाडी घेणे या दोनपैकी पहिल्या व्रताच्या कक्षेत येईल. ती चालवणे दुसऱ्याच्या. तत्त्वार्थसूत्राच्या मते हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावध वागण्यात असते. या दृष्टीने इंजिनाची ताकद स्वतः दोषी नाही. पण काही सेकंदांत शंभरी गाठणारे यंत्र पायाखाली असले की प्रमादाला लागणारा अवधी अगदी थोडा उरतो, आणि हे सत्य टाळता येत नाही.

गोंदिया जिल्ह्यात हा विचार पुस्तकी राहत नाही. राष्ट्रीय महामार्ग ५३ सडक अर्जुनी आणि देवरीकडे जाताना नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील वन्यप्राण्यांच्या वाटा छेदतो. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात मोटारीची धडक बसून एक वाघ मेला. त्याच पावसाळी दिवसांत धानाची रोवणी चालते. चिखलाने माखलेले ट्रॅक्टर, बैल, सायकली, रोवणीहून परतणाऱ्या बाया, सारे एकाच डांबरावर असतात. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे गेलेली असते.

अशा गाड्यांचे ब्रेक आणि टायर उत्तम असतात, ओव्हरटेक करतानाचा धोक्याचा काळही त्या कमी करतात, हा युक्तिवाद खरा आहे. मात्र जे दिसलेच नाही त्यासाठी ब्रेक दाबला जात नाही. जैन साधू पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात आणि चातुर्मासात विहारच थांबवतात. गृहस्थाला ते शक्य नाही; त्याच्यासाठी प्रश्न प्रयोजनाचा उरतो. रुग्णाला गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचवणाऱ्याच्या घाईला प्रयोजन आहे. केवळ थरारासाठी गाठलेल्या वेगाला तसे प्रयोजन सांगता येत नाही. बंदिस्त शर्यतमार्गावर आक्षेप बराच सौम्य होतो, कारण तेथे धोका पत्करणारा तो जाणूनबुजून पत्करतो. कोहमाऱ्याच्या रस्त्यावरील सायकलस्वाराला कोणी विचारलेले नसते.