मुळावर न उठणारा अर्क

वनौषधींच्या बाटलीवर बहुधा हिरवे पान छापलेले असते. आतला अर्क मात्र पुष्कळदा सालीचा, खोडाचा, नाहीतर मुळाचा असतो. पाने खुडली तर झाडाला नवी फुटतात. खोडाभोवतीची साल सोलली तर झाड उभ्या उभ्या वाळते. ‘हरित निष्कर्षण’, म्हणजे निसर्गाला कमीत कमी धक्का लावून वनस्पतीतले द्रव्य काढणे, या सध्या बोलबाला असलेल्या शास्त्राकडे पाहताना हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

या शास्त्राचा राग पहिल्यांदा आहे तो द्रावकांवर, आणि तो रास्तच आहे. खाद्यतेलापासून औषधी अर्कांपर्यंत सर्रास वापरले जाणारे हेक्झेन खनिज तेलातून येते, झटकन पेट घेते, आणि दीर्घकाळ हुंगावे लागले तर कामगारांच्या हातापायांच्या नसा निकामी करते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत ब्रेमेनच्या लुडविग रोझेलिउस यांनी कॉफीतले कॅफीन काढून टाकण्याची रीत बाजारात आणली, तेव्हा द्रावक होते बेंझीन. आज आपण ते कर्करोगकारक म्हणून ओळखतो. आरोग्यासाठी कॅफीन काढायचे आणि त्यासाठी कॉफी बेंझीनने धुवायची, असा तो व्यवहार होता.

त्यातून सुटकेची वाटही जर्मनीतच निघाली. म्युलहाइमच्या माक्स प्लांक संस्थेत कुर्ट त्सोझेल यांनी १९६०च्या दशकात कार्बन डायऑक्साइडला कामाला लावले. सुमारे ३१ अंश सेल्सिअस तापमान आणि ७४ बार दाब यांपलीकडे हा वायू ना धड वायू राहतो, ना धड द्रव. वायूसारखा तो भुकटीच्या कणाकणांत शिरतो आणि द्रवासारखा पदार्थ विरघळवून घेतो. दाब उतरवला की वायू होऊन निघून जातो. अर्कात द्रावकाचा मागमूस उरत नाही. वायू गोळा करून पुन्हा वापरता येतो.

पण म्हणून प्रश्न मिटत नाही. सांगलीच्या बाजारपेठेतली हळद घ्या. कार्बन डायऑक्साइड तिचे सुगंधी तेल छान काढतो. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्या पिवळ्या कुरकुमिनला मात्र तो फारसा विरघळवत नाही. तिथे अल्कोहोल किंवा एथिल ॲसिटेट हाताशी घ्यावे लागते. शिवाय एवढा दाब सोसणारी भांडी महाग, ती छोट्या कारखानदाराच्या आवाक्याबाहेरची. मग पाणीच का नको? पाण्याइतके निरुपद्रवी काय आहे? पण अर्क उतरवल्यावर पाणी आटवावे लागते, आणि एक किलो पाण्याची वाफ करायला तेवढ्याच हेक्झेनच्या सहापटीहून अधिक उष्णता लागते. ती उष्णता बॉयलरमध्ये कोळसा जाळून मिळवली, तर प्रदूषण बाटलीतून निघून चिमणीत गेले एवढेच. हेक्झेन इतकी वर्षे टिकून आहे त्यामागे केवळ बेपर्वाई नाही, हा हिशेबही आहे.

फ्रान्समधल्या अविन्याँ विद्यापीठातले फरीद शेमात आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली हरित निष्कर्षणाची सहा तत्त्वे मांडली. पाणी किंवा शेतीतून मिळणारे द्रावक वापरा, ऊर्जा वाचवा, चोथ्यापासून उपउत्पादने काढा, ही त्यांतली तत्त्वे बाजाराने उचलली. पहिले तत्त्व मात्र द्रावकाचे नाहीच. ते आहे कच्च्या मालाचे: योग्य वाण निवडा आणि पुन्हा भरून येणारी वनस्पती वापरा. जाहिरातीत नेमके तेच गळते.

ते गळले की काय होते, याची गोष्ट नंदुरबारपर्यंत पोचते. नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेला गेले. तिथे नॉर्थ कॅरोलायनातल्या प्रयोगशाळेत मन्रो वॉल यांच्यासह त्यांनी कर्करोगावरची दोन मोठी द्रव्ये शोधली. चिनी वृक्षातले कॅम्प्टोथेसिन १९६६ साली प्रसिद्ध झाले, आणि पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉलची रचना १९७१ साली. टॅक्सॉलचे सालीतले प्रमाण इतके नगण्य की एक किलो औषधाला जवळपास दहा टन साल लागे. हे झाड अतिशय सावकाश वाढते आणि साल काढली की मरते. रुग्ण वाचवायचा की जंगल, असा वाद अमेरिकेत पेटला.

तो सुटला कसा, हे महत्त्वाचे आहे. फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांना युरोपीय यूच्या पानांत टॅक्सॉलचा जवळचा भाऊबंद सापडला. पाने छाटता येतात, पुन्हा येतात. अमेरिकेत रॉबर्ट होल्टन यांनी त्यापासून टॅक्सॉल घडवण्याची कार्यक्षम रीत बसवली. पुढे झाडाच्या पेशीच टाक्यांत वाढवून औषध काढता येऊ लागले. त्या पद्धतीने दहा द्रावके आणि वाळवणीच्या सहा पायऱ्या वगळल्या गेल्या, आणि २००४ साली तिला अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळाला. आधी सालीवरून पानावर, मग पानावरून पेशीवर असा हा प्रवास आहे. यात द्रावके कमी झाली ती कच्चा माल बदलल्यामुळे.

वाणींच्या आधीच्या शोधाला मात्र सह्याद्रीत वेगळे नशीब भेटले. आपल्या घाटातल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन भरपूर आहे, हे १९७०च्या दशकात कळले. १९९६ साली या द्रव्यापासून बनलेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधे अमेरिकेत मान्य झाली. एरवी दुर्गंधी फुलांमुळे कुणी ढुंकून न पाहिलेले झाड एकदम मोलाचे झाले आणि कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांत त्यावर चोरटी कुऱ्हाड पडू लागली. तोडलेल्या नरक्याचा अर्क कितीही स्वच्छ द्रावकाने काढला, तरी त्याला हरित कसे म्हणायचे?

‘हे सगळे पाश्चात्त्य औषधांचे पाप’ असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. आयुर्वेदाचे द्रावक पाहा: पाणी, तूप, तेल, आणि आसव-अरिष्टांत आपोआप तयार होणारे अल्कोहोल. शेमात यांना यात बोट ठेवायला जागा सापडणार नाही. ‘हिम’ ही तर विस्तवाशिवाय, थंड पाण्यात रात्रभर भिजवून करायची कृती. पण दशमुळातली पाच मुळे बेल, शिवण, टेंटू, पाडळ आणि अग्निमंथ या झाडांची आहेत. वैद्य आपल्या गावापुरते मूळ खणत होता तेव्हा रान ते सोसत होते. कारखाना टनांनी मुळे मागू लागला की तेच शास्त्र झाडाच्या मुळावर उठते. म्हणूनच मुळाऐवजी खोडाची साल, लहान फांद्या किंवा लागवडीतली कोवळी रोपे चालतील का, याची तपासणी आयुर्वेदाला परकी मानू नये. गुण उतरतात की नाही हे प्रयोगशाळेत तपासावे. उतरत असतील तर ग्रंथाचा शब्द पुढे करून झाड खणू नये.

यासाठी ग्राहकाला रसायनशास्त्र यायला हवे असे नाही. बाटलीवर चार गोष्टी छापणे सक्तीचे करावे: वनस्पतीचा कोणता भाग वापरला, तो लागवडीतला की रानातला, द्रावक कोणते, आणि चोथ्याचे काय केले. पानांतून सत्त्व कमी निघत असेल तर अर्क महाग पडेल. ती किंमत आपण मोजली पाहिजे, कारण आज ती झाड मोजते. द्रावक कारखाना बदलेल, यंत्रे अभियंते बदलतील. मूळ मागायचे की पान, हे मात्र मागणी करणाऱ्यालाच ठरवावे लागेल.