बागेचा मोह की बागेची सेवा?

गेल्या चैत्रातील गोष्ट. जवळच्या एका गावी सप्ताहात आमचे कीर्तन झाले. विषय वैराग्याचा होता. 'माझे, माझे' म्हणत जीव कसा गुंतत जातो, हे आम्ही यथाशक्ति सांगितले आणि श्रोत्यांनीही माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी दिवस कलताना त्या गावचा एक तरुण टाळकरी आमच्या घरी आला. आम्ही त्या वेळी अंगणात मोगऱ्याच्या बुडाशी पालापाचोळा पसरीत होतो. तो पायरीवर बसला, पाणी प्याला आणि इकडेतिकडे पाहू लागला. तुळशीवर गळती टांगलेली, मोगऱ्याच्या कुंड्यांवर जुन्या धोतराची सावली धरलेली, कढीलिंबाच्या मुळाशी माठ पुरलेला. थोड्या वेळाने हात जोडून म्हणाला, "माउली, राग येनार नसंल तर एक इचारू का?"

आम्ही म्हटले, "विचार बाबा."

"काल तुम्ही सांगितलं, ममता सोडा. आन् हितं तर मोगऱ्याला धोतराची सावली! ह्यो मोह न्हवं का?"

आम्ही हसलो खरे. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्या दिवशी त्याला अर्धेमुर्धे उत्तर दिले. पुरते उत्तर द्यायचे राहून गेले, ते येथे देत आहो. कारण अंगणात दोन रोपे लावणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याच्या मनात हा प्रश्न केव्हा ना केव्हा येतोच.

शास्त्राची रीत अशी की, आधी पूर्वपक्ष मांडावा आणि तो बळकट करून मांडावा. पूर्वपक्ष दुबळा ठेवून जिंकणे ही स्वतःचीच फसवणूक होय. तेव्हा त्या तरुणाच्या बाजूने आम्हीच भागवताच्या पाचव्या स्कंधातील भरतराजाची कथा पुढे करतो. भरताने राज्य सोडले, घरदार सोडले, पुलहाश्रमात जाऊन भगवंताची आराधना मांडली. एके दिवशी नदीकाठी सिंहाच्या गर्जनेने भ्यालेल्या हरिणीने उडी घेतली, तिचे पाडस प्रवाहात पडले आणि ती प्राणास मुकली. भरताने ते पाडस उचलून आणले. त्याला चारा घातला, त्याचे लांडग्यांपासून रक्षण केले, त्याला खांद्यावर घेतले. हळूहळू त्याचे यमनियम एकेक करून सुटले. अंतकाळी दृष्टीपुढे भगवंत नव्हता, हरीण होते. म्हणून पुढचा जन्म हरिणाचा आला. ज्याने राज्य सोडले तो पाडसात अडकला! मग आम्ही संसारी माणसे. आम्हांस मोगऱ्याच्या चार कुंड्या का अडकवणार नाहीत? पूर्वपक्ष असा आहे, आणि तो थोडाथोडका नाही.

आता उत्तरपक्ष. त्याच भागवताच्या दशम स्कंधात एक लहानसा प्रसंग आहे. दिवस उन्हाळ्याचे आहेत. गाई चारीत चारीत गोपाळ वृंदावनापासून दूर गेले आहेत, ऊन तापले आहे आणि वृक्षांनी त्यांच्यावर छत्रासारखी सावली धरली आहे. तेव्हा श्रीकृष्ण आपल्या सवंगड्यांना नावे घेऊन हाक मारतात आणि ते वृक्ष दाखवून म्हणतात की, वारा, पाऊस, ऊन, थंडी स्वतः सोसून हे दुसऱ्याचे निवारण करतात. जन्म असावा तर यांच्यासारखा. प्रत्यक्ष भगवंत वृक्षांचे कौतुक करतात आणि तेही ऐन उन्हाळ्यात! ज्ञानोबारायांनी इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, तिच्या बाराव्या अध्यायात भक्ताचे वर्णन करताना त्यांनाही बागच आठवली. माळी नेईल तिकडे मुकाट्याने जाणारे पाणी आणि तोडणाऱ्याला व लावणाऱ्याला सारखीच सावली देणारे झाड, हे दोन्ही दृष्टान्त त्या एकाच अध्यायात आहेत. पाटाचे पाणी पाहिल्याशिवाय असे दृष्टान्त सुचत नसतात.

आणि अरणच्या सावतोबांना आपण कसे विसरू? त्यांनी मळा सोडला नाही. सोडावा असे त्यांना कोणी संतांनी सांगितल्याचेही ऐकिवात नाही. मोट, पाट, खुरपणी हीच त्यांची पूजा. आजही इतर संतांच्या पालख्या पंढरीस येतात. सावता महाराजांच्या भेटीला मात्र आषाढ वद्यात पांडुरंगाचीच पालखी अरणला जाते. मळ्याची सेवा जर बंधन असती, तर देवाने तिकडे पाऊल कशाला टाकले असते?

येथे कोणी म्हणेल, दोन्ही बाजूंची प्रमाणे झाली. पण भरत का बांधला गेला आणि सावतोबा का सुटले, हे सांगा. झाडाला पाणी घालणे आणि पाडसाला चारा घालणे यांत फरक काय? हाच खरा प्रश्न. याचे उत्तर आम्ही पोथीत पुष्कळ वर्षे वाचले; पण ते आम्हांस कळले एका उन्हाळ्यात, आणि तेही आमच्याच हातून दोष घडला तेव्हा. तो दोष सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

सन २०१६ चा उन्हाळा. त्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले, हे वाचकांना आठवत असेल. आमच्या सोलापूर जिल्ह्यातही विहिरींनी तळ गाठला होता. आमच्या आळीत चौथ्या दिवशी टँकर येई आणि प्रत्येक घराला मोजून पाणी मिळे. आम्ही अक्षय्यतृतीयेस पांडुरंगाला घरच्या मोगऱ्याचा हार घालण्याचा संकल्प केला होता. मोगरा कळ्यांनी भरला होता. म्हणून पिण्याच्या पाण्यातून रोज थोडे थोडे बाजूला काढून एक घागर आम्ही राखून ठेवली होती.

एके दिवशी दुपारी शेजारची म्हातारी दारात आली. सारी आळी तिला आत्या म्हणते. म्हणाली, "बुवा, लेक-जावई आल्याती. सैपाकापुरतं कळशीभर पानी हाय का?"

आमच्या तोंडून शब्द गेले, "आत्या, पिण्यापुरतंच आहे हो घरात."

ती बरे म्हणाली आणि गेली. त्या संध्याकाळी ती घागर आम्ही मोगऱ्याला घातली. मनाशी म्हटले, देवाचे काम आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या पुन्हा आली. हातात तांब्या. आम्हांस वाटले, पुन्हा पाणी मागायला आली. तर ती सरळ वृंदावनापाशी गेली आणि तांब्या तुळशीला ओतला. म्हणाली, "तुमच्याकडं पानी न्हाई म्हनला न्हवं? तुळस सुकंल, म्हून तांदळाचं धुवन आनलं."

तिच्यापासून दोन हातांवर मोगरा होता आणि त्याची माती ओली होती.

अक्षय्यतृतीयेला हार गुंफला, देवाला घातला. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्तीने दिलेल्या ज्या चार वस्तू आपण स्वीकारतो असे सांगितले आहे, त्या आम्हांस पाठ आहेत: पान, फूल, फळ आणि पाणी. शेकडो वेळा त्यांवर निरूपण केले. पण त्या दिवशी देवापुढे उभे राहिल्यावर ध्यानात आले की, आम्ही फूल आणले आहे आणि पाणी आत्याने वाहिले आहे. तिच्या तांब्याइतके आमचे फूल शुद्ध नव्हते, कारण त्याच्या मुळाशी एक असत्य ओतलेले होते.

ही गोष्ट तिला सांगण्याचे धैर्य आम्हांस दोन वर्षे झाले नाही. सांगितली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मोगऱ्याला बी तहान असती की, बुवा." त्या सकाळी तिने ओली माती पाहिली होती की नाही, हे तिने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

त्यानंतर आम्ही भरताची कथा पुन्हा उघडली, तेव्हा ती निराळी दिसली. बुडते पाडस उचलणे हा भरताचा दोष नव्हेच. ती तर दया. न उचलता तसाच जप करीत बसला असता, तर त्याला कोणी साधू म्हटले नसते. दोष असा की, त्या एका पाडसापुढे त्याला बाकीचे काही दिसेनासे झाले. ममतेचा दोष प्रेम करण्यात नाही, वगळण्यात आहे. एकाला जवळ धरताना दुसरा दृष्टीआड झाला की ती ममता. एकाला जवळ धरल्याने दुसरेही दिसू लागले की ती भक्ति. सावतोबांना भाजीत देव दिसला, म्हणून तो सगळीकडे दिसला. आम्हांस मोगऱ्यात फक्त आमचा हार दिसला.

तेव्हा ज्यांच्या अंगणात झाडे आहेत त्यांनी उन्हाळ्यात स्वतःला तीन गोष्टी विचाराव्या. पहिली, बागेपायी नित्यनेम मोडतो का? दुसरी, बागेपायी दुसऱ्याची तहान दिसेनाशी होते का? आणि तिसरी, बाग सोडून जाण्याची वेळ आली असता पाय अडतो का? तिन्हींना 'नाही' असे उत्तर आले, तर खुशाल मोगऱ्याला सावली धरावी.

पहिलीविषयी फार सांगणे नको. झाडाला पाणी सूर्योदयाच्या आत किंवा सूर्यास्तानंतर घालावे. भर उन्हात घातलेले पाणी मुळाला कमी मिळते आणि उन्हाला जास्त. म्हणजे बागेची वेळ आणि काकड्याची-हरिपाठाची वेळ जवळजवळ एकच. झारी हातात असताना मुखाने नाम घेण्यास कोणती अडचण आहे? नेम मोडत नाही, उलट जोडला जातो.

दुसरीसाठी आम्ही घरात एक क्रम ठरवला आहे. आधी माणूस, मग गाय आणि पाखरे, मग तुळस आणि शेवटी फुलझाडे. भिंतीवर पाखरांसाठी मातीचे परळ असते, ते रोज धुऊन भरतो. फुलझाडांना कोरे पाणी शक्यतो घालत नाही. तांदूळ-डाळीचे धुवण, भाजी धुतलेले पाणी, हात विसळलेले पाणी त्यांना पुरते. साबणाचे मात्र घालू नये. मातीवर वाळला पाला, उसाचे पाचट किंवा नारळाच्या शेंड्या पसरल्या की ओल टिकते. कच्चा माठ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवला आणि वर झाकणी घातली, तर पाणी त्याच्या अंगातून झिरपत मुळांना पोहोचते आणि वाफ होऊन उडत नाही. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी इ.स. १७९० च्या सुमारास धर्मसिंधु रचला, त्यात वैशाखात पाणपोई घालणे आणि देवावर गलंतिका बांधणे ही मोठ्या पुण्याची कृत्ये म्हणून एकत्रच सांगितली आहेत. हे एकत्र सांगणे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. देवावर धार धरणाऱ्याने दारात पाणपोईही ठेवावी. थेंबाथेंबाने पाणी देणारी ती गळती म्हणजे आजच्या शेतकऱ्याचे ठिबकच होय. थोडक्यात तहान भागवण्याची विद्या आपल्या देवघरातच टांगलेली होती.

कोणी विचारील, एखाद्या वर्षी एवढेही पाणी नसले तर? तर मोगरा वाळू द्यावा. फांद्या वाळल्या तरी मूळ पुष्कळदा जिवंत राहते आणि पहिल्या पावसाला बुडाशी फुटवे येतात. नाही आले, तर त्या वर्षी देवाला पान वाहावे. यादीत पान पहिले आहे.

याचा अर्थ बागेचा आनंद घेऊ नये असा नव्हे. माघात छाटलेला मोगरा चैत्रात कळीला येतो, दिवसभर डोळ्यांना झोंबणारे ऊन मावळते, मातीवर पाणी पडताच तिचा श्वास सुटतो आणि अंधार पडतापडता कळ्या उमलतात, तेव्हा त्या ओट्यावर बसून वीणा छेडण्याचे सुख आम्ही नाकारणार नाही. त्या वेळी पंढरीत पांडुरंगाच्या अंगावरही चंदनाची उटी असते. गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत त्यालाही गारवा हवा असतो. देवाला गारवा आवडतो, मग भक्ताने सुगंधापासून तोंड फिरवण्यात कसले आले वैराग्य? फक्त एवढे पाहावे की, वास भिंत ओळखीत नाही. रोप आमच्या अंगणात, वास आत्याच्या ओसरीवर. मोगरा स्वतः ममता करीत नाही. आपण त्याच्यापाशी बसून तेवढे शिकलो तरी पुष्कळ झाले.

राहिली तिसरी गोष्ट, आणि तिची परीक्षा तर वारीच घेते. चार महिने जिवापाड राखलेली बाग मृगाच्या सरींनी हिरवी होऊ लागते आणि नेमक्या त्याच सुमारास, ज्येष्ठ वद्यात, देहू-आळंदीहून पालख्या निघतात. बागेला बहर आणि आम्हांस बोलावणे! गेल्या साली निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या, झारी आत्याच्या ओसरीवर नेऊन ठेवली आणि म्हटले, "आत्या, झाडं तुमच्या हवाली." ती म्हणाली, "झाडं कवा तुमची हुती, बुवा? जावा तुम्ही. माझा नमस्कार सांगा इठोबाला."

त्या तरुण टाळकऱ्याला आमचे उत्तर हेच. धोतराची सावली मोह आहे की सेवा, हे धोतरावरून कळत नाही. झारी दुसऱ्याच्या हाती देताना आपले मन काय म्हणते, त्यावरून कळते. गेल्या साली आमचे मन थोडे अडखळले, हेही सांगून ठेवतो. यंदा कमी अडखळावे, एवढेच पांडुरंगाजवळ मागणे.

रामकृष्ण हरि.