वामनवृक्ष आणि माळ्याचा हात

उथळ कुंडीत उभा असलेला, हातभर उंचीचा पण शंभर वर्षे वयाचा वृक्ष पाहून कुणी हरखून जातो, तर कुणाच्या मनाला टोचणी लागते. ज्याने आभाळाकडे झेपावायचे, त्याला मेजावर बसविण्याचा अधिकार माणसाला कुणी दिला? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दुसऱ्या जिवाला आकार देण्याचा अधिकार कुठवर पोहोचतो, हा त्याचा गाभा आहे.

मराठीत आपण ज्याला वामनवृक्ष म्हणतो, त्या 'बोन्साय'चे मूळ चीनमध्ये. मात्र त्याला आजचे रूप दिले ते जपानने. टोकियोतील १९२३ च्या भूकंपानंतर अनेक बोन्साय-माळी ओमिया येथे जाऊन वसले आणि १९२५ पासून तिथे त्यांचे गावच उभे राहिले. या कलेला जुनाच वृक्ष लागतो असे नाही. रोपवाटिकेतील जुनिपरचे साधे झुडूपही पुरते. हवी असतात ती वर्षे.

माळी प्रथम कात्री उचलत नाही. वरची माती बाजूला सारून तो बुंधा आणि मुळांची ठेवण पाहतो. झुडपात जे आहे त्यातूनच आकार शोधतो. फांद्यांची आणि मुळांची मोठी छाटणी तो एकाच हंगामात करीत नाही. जुनिपरच्या फांदीवरील सारी हिरवळ काढली तर ती सहसा पुन्हा फुटत नाही, हे त्याला ठाऊक असते. वळण देण्यासाठी तो तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार गुंडाळतो. पण फांदी जाड होऊ लागताच, साल कापली जाण्यापूर्वी, ती तुकडे करून काढून घेतो. उथळ कुंडी येते ती शेवटी, कारण तीत बुंधा फारसा भरत नाही.

हा छळ आहे काय? वनस्पतीला वेदना जाणवण्याजोगी मज्जासंस्था नाही. शिवाय लहानपण म्हणजे उपासमार नव्हे. कड्यावरच्या वाऱ्याहिमात निसर्गही असेच खुजे वृक्ष घडवितो. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाकडील एक पांढरा पाइन १६२५ पासून घडविला जात होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी, स्फोटकेंद्रापासून सुमारे तीन किलोमीटरवर, तो भिंतीच्या आडोशाला वाचला. १९७६ मध्ये तो अमेरिकेला भेट देण्यात आला. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी पाणी घातल्यावाचून असे आयुष्य लाभत नाही. वृक्षापुरता माझा कौल माळ्याच्या बाजूने आहे.

परंतु आपण तेवढ्यावर थांबत नाही. मुलांना वळण लावण्याविषयी बोलताना झाडाचा दाखला आपल्या ओठांवर येतो, आणि तिथे सावध व्हायला हवे. या कलेत एक 'त्यागाची फांदी' असते. बुंधा जाड व्हावा म्हणून खालची एक फांदी वर्षानुवर्षे मोकाट वाढू देतात. तिच्या पोषणाने बुंधा भरला की ती मुळापासून छाटतात. झाडाच्या बाबतीत यात अन्याय नाही. फांदी ही झाडाचा अंश आहे. झाडाच्या हिताहून तिचे निराळे हित नाही.

कुटुंबाचे तसे नाही. थोरल्या मुलीची शाळा सोडवून तिच्या कमाईवर धाकट्या भावाला शिकविणारी घरे आपण पाहिली आहेत. पुढे भावाचे लग्न होते, घर उभे राहते, आणि तिला जागा उरत नाही. वाचकहो, घराचे कल्याण झाले असे आपण म्हणतो, तेव्हा हिशोबातून एक माणूस वगळलेले असते. ती मुलगी घराचा अंश नव्हे, स्वतः एक पूर्ण वृक्ष आहे. ॲरिस्टॉटलने प्रत्येक सजीवाच्या ठायी स्वतःचे असे साध्य मानले. माणसाला तर ते ओळखण्याची आणि निवडण्याची बुद्धीही आहे. तिने आपणहून भावासाठी झीज सोसली, तर ते प्रेम होय. तिला न विचारता तिची झीज गृहीत धरली, तर ती छाटणी होय; मग घरचे तिला कितीही त्यागमूर्ती म्हणोत.

म्हणून माळ्याकडून आईबापांनी दोनच गोष्टी घ्याव्यात: आधी निरखून पाहणे आणि तार वेळेवर सोडणे. कोणती फांदी कुणासाठी कापायची, हे मात्र त्याच्याकडून शिकू नये. आणि ज्या घरात अशी एखादी बहीण आज वयस्क झाली आहे, तिथे तिच्या भावंडांनी तिचे आभार मानून थांबू नये. घरात आणि मिळकतीत तिचा वाटा कोणता, हे तिच्यासमोर बसून ठरवावे.